गेममधला आवाज, आडनिडे सॅम्पलिंग रेट आणि एन्कोडिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडसा-देसाईगंजजवळच्या एका गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. धान निघाले, भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या, की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांना मी साउंडवर बसतो. दुकानात येणारी पोरं जुन्या गेममधली धून काढून आणतात आणि ती फोनवर, स्पीकरवर किंवा स्वतः बनवत असलेल्या गेममध्ये नीट वाजावी म्हणून मदत मागतात. प्रश्न जवळजवळ तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

सॅम्पलिंग रेट म्हणजे नेमकं काय?

आवाजाची लाट सेकंदाला किती वेळा मोजली, तो आकडा. सीडीवर तो ४४१०० असतो, व्हिडिओत बहुधा ४८०००. रेटच्या निम्म्यापर्यंतचेच सूर त्यात मावतात. १३३७९ हर्ट्झच्या फाइलमध्ये ६६८९ हर्ट्झच्या वरचं काही नसतं.

एवढं समजलं तरी अर्धंच समजलं. फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे मोजलेल्या आकड्यांची लांबलचक रांग. दुसरी म्हणजे ती रांग किती वेगानं वाजवायची हे सांगणारी छोटी नोंद. धानाच्या पोत्यावर चिठ्ठी लावतात तशी ही नोंद समजा. पोत्यातला माल तोच राहतो, पण चिठ्ठी चुकली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. खाली मी "चिठ्ठी" म्हणेन तेव्हा या नोंदीबद्दलच बोलत असेन.

गेममध्ये १३३७९, ३७८००, ५३२६७ असे विचित्र आकडे का असतात? कोणी चुकलं आहे का?

कोणी चुकलेलं नाही. जुन्या गेम यंत्रांमध्ये आवाजासाठी वेगळं घड्याळ ठेवणं महाग पडायचं, म्हणून जे घड्याळ चित्रासाठी किंवा प्रोसेसरसाठी आधीच चालू होतं, त्यालाच पूर्ण संख्येनं भागून आवाजाचा वेग काढला जाई. भागाकार येईल तो रेट.

गेम बॉय अॅडव्हान्सचं उदाहरण कागदावर करून बघण्यासारखं आहे. त्याचं घड्याळ सेकंदाला १,६७,७७,२१६ ठोके देतं. पडद्यावरचं एक चित्र काढायला २,८०,८९६ ठोके लागतात. भागाकार केला की सेकंदाला ५९.७२७५ चित्रं येतात. आता दर चित्रामागे आवाजाचे २२४ आकडे तयार ठेवायचे असं गेमनं ठरवलं, तर २२४ गुणिले ५९.७२७५, म्हणजे १३३७९. अनेक गेममध्ये हाच आकडा सापडतो. दर चित्रामागे ३०४ आकडे घेतले तर १८१५७ येतो, तोही भेटतो. चित्र आणि आवाज एकाच ठोक्यावर चालावेत, बफर (तयार आकड्यांचा साठा) कधी रिकामा पडू नये आणि बॅटरीवरच्या छोट्या प्रोसेसरला झेपावं, या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात बसवलेल्या आहेत. पोरांनी हा गुणाकार स्वतः केला की त्या रेटकडे पाहण्याची त्यांची नजरच बदलते, हे मी पाहिलं आहे.

बाकीची यंत्रं थोडक्यात सांगतो. मेगा ड्राइव्हच्या एफएम चिपला सुमारे ७.६७ मेगाहर्ट्झचं घड्याळ मिळतं. त्याला १४४ नं भागलं की ५३२६७ येतो. पहिल्या प्लेस्टेशनची आवाजाची चिप ४४१०० वर चालते, पण डिस्कवरून थेट वाहणारा एक्सए आवाज ३७८०० किंवा १८९०० वर असतो, आणि ३७८०० म्हणजे ४४१०० चे बरोबर सहा सप्तमांश. गेमक्यूबचा ४८००० हा कागदावरचा आकडा; प्रत्यक्षात ५४ मेगाहर्ट्झला ११२४ नं भागून ४८०४३ च्या आसपास निघतो. जुन्या पीसीतलं साउंड ब्लास्टर कार्ड १० लाखाला पूर्ण संख्येनं भागायचं. २२०५० मागितला तर भाजक ४५ धरून ते २२२२२ देई. म्हणून जुन्या पीसी गेमच्या फाइलींत २२२२२ आणि १११११ हे आकडे दिसतात.

आणि आपल्याकडे घरोघरी जो "टीव्ही गेम" होता, कॅसेट घालून खेळायचा, त्याच्या मूळ यंत्रात रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा सर्वांत वरचा वेग ३३१४४ हर्ट्झ होता. तोही घड्याळाला ५४ नं भागूनच आलेला.

माझ्या फाइलचा खरा रेट कसा ओळखू?

गेमच्या डिस्कमधली फाइल असेल तर व्हीजीएमस्ट्रीम हा मोफत प्रोग्रॅम वापरा. तो शेकडो गेम-फॉरमॅट ओळखतो आणि रेट, लांबी, लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा भाग) कुठून कुठवर आहे हे सगळं छापून देतो. ती माहिती वहीत उतरवून ठेवा, पुढे लागते. इम्युलेटरमधून (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून) रेकॉर्ड केलं असेल तर इम्युलेटरच्या सेटिंगमधला आकडा बघा.

चिठ्ठीच नसलेली कच्ची फाइल असेल तर ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅमात कच्चा डेटा म्हणून उघडावी लागते आणि रेट आपणच सांगावा लागतो. तिथे सोयीचा गोल आकडा टाकू नका. त्याचं काय होतं ते पुढच्या उत्तरात आहे.

"भाऊ, याचा आवाज पोट्ट्यावानी काहून येते?"

दुकानात सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. कारण बहुतेक वेळा एकच असतं : रेट बदलायचा होता आणि बदलली फक्त चिठ्ठी.

३७८०० ची फाइल घेतली आणि चिठ्ठीवर ४४१०० लिहिलं, तर तेच आकडे सात षष्ठांश वेगानं पळतात. सूर जवळजवळ पावणेतीन पट्ट्या वर चढतो आणि मोठ्या माणसाचा आवाज लहान मुलासारखा होतो. ४४१०० वर ४८००० लिहिलं तर सूर दीड पट्टी चढतो. उलट केलं तर आवाज जड आणि झोपाळू होतो.

ऑडॅसिटीत हा घोळ फार सहज होतो. ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेन्यूत जो रेट दिसतो तो बदलला, की फक्त चिठ्ठी बदलते. खरं रूपांतर वरच्या ट्रॅक्स मेन्यूतल्या रीसॅम्पलनं होतं. एफएफएमपेग या प्रोग्रॅममध्येही असेच दोन वेगळे फिल्टर आहेत : ए-सेट-रेट चिठ्ठी बदलतो, ए-रीसॅम्पल आकडे नव्यानं काढतो.

मोठी चूक कानाला लगेच कळते. लहान चूक जास्त त्रास देते. एका हंगामात तालमीच्या वेळी एका पोरानं गेम बॉय अॅडव्हान्सवरची धून आणली, ३२७६८ वर रेकॉर्ड केलेली, चिठ्ठीशिवाय. मी घाईत ३२००० टाकून उघडली. मला ऐकायला ठीक वाटली. ऑर्गनवाले काका तिच्याबरोबर वाजवून बघत होते. दोन-तीनदा पट्टी बदलली, मग हात उचलले आणि म्हणाले, "भाऊ, हे गाणं ना काळी दोनवर बसते, ना पांढरी तीनवर. मधातच लटकून हाय." मी लॅपटॉप उघडून हिशेब केला. ३२७६८ ऐवजी ३२००० म्हणजे २.३ टक्के मंद. एका पट्टीचे शंभर भाग धरले तर सूर ४१ भाग खाली उतरला होता. पांढरी तीनवरचा सूर तिथून घसरून काळी दोनकडे निघालेला आणि वाटेत थांबलेला. तीन मिनिटांची धूनही चार सेकंदांहून जास्त लांबली होती. चिठ्ठी दुरुस्त केली, काकांनी पांढरी तीन दाबली आणि दोन्ही सूर एकमेकांत मिसळले. त्या दिवसापासून कच्ची फाइल उघडली की मी आधी पेटीवर किंवा फोनमधल्या ट्यूनरवर सूर तपासतो. तुम्हीही तपासा.

एन्कोडर माझी फाइल का घेत नाही?

एन्कोडर म्हणजे आवाज एमपी३ सारख्या फॉरमॅटमध्ये बसवणारा प्रोग्रॅम. एमपी३ ला फक्त नऊ रेट चालतात : ४८०००, ४४१००, ३२०००, २४०००, २२०५०, १६०००, १२०००, ११०२५ आणि ८०००. बाकीचा कुठलाही आकडा आधी यांपैकी एकात आणावा लागतो. लेम हा एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम हे काम स्वतःच करून टाकतो आणि रेटही स्वतःच निवडतो. मला ते पसंत नाही, निवड आपल्या हाती असावी.

ऑपस हा दुसरा फॉरमॅट २०१२ मध्ये प्रमाणित झाला. त्याचा डीकोडर (फाइल उलगडून वाजवणारा भाग) नेहमीच्या वापरात ४८००० वर आवाज देतो. एन्कोडरला ८०००, १२०००, १६०००, २४००० आणि ४८००० एवढेच रेट समजतात, त्यामुळे ४४१०० सुद्धा त्याच्यासाठी आडनिडाच. ऑपसची साधनं मधल्यामध्ये रूपांतर करतात आणि मूळ रेट केवळ माहितीपुरता नोंदवून ठेवतात. एएसी या आणखी एका फॉरमॅटची यादी ७३५० पासून ९६००० पर्यंत तेरा आकड्यांची आहे. ३७८०० त्यातही नाही.

व्हॉर्बिस आणि फ्लॅक हे फॉरमॅट या बाबतीत मोकळे आहेत. १३३७९ दिला तर १३३७९ घेतात. म्हणून मूळ प्रत जपायला मी फ्लॅकच सांगतो. काही कमी होत नाही, रेट आहे तसा राहतो, जागाही वाचते.

मग शेवटी कोणत्या रेटवर न्यायचं?

साधारण ४८००० वर. फोन बहुधा आतून त्याच वेगानं चालतो, व्हिडिओला तोच लागतो, ऑपसलाही तोच लागतो. मूळ ४४१०० असेल आणि एमपी३, एएसी किंवा व्हॉर्बिस करायचं असेल तर ४४१०० च राहू द्या, उगाच हात लावू नका. ३२००० एमपी३ ला चालतो, तोही तसाच ठेवता येतो.

माझा एक हट्ट आहे आणि तो मी प्रत्येक पोराला सांगतो : रेट आयुष्यात एकदाच बदलायचा, तोही अगदी शेवटी. आधी ४४१००, मग व्हिडिओसाठी ४८०००, मग कोणी परत ४४१००, असं करत गेलेल्या फाइली माझ्याकडे येतात. दर फेरीत थोडं थोडं जातं आणि नेमकं कुठे गेलं ते शोधता येत नाही. मूळ प्रत बाजूला ठेवा आणि हवं ते प्रत्येक वेळी तिच्यातूनच काढा.

१३३७९ ची फाइल एमपी३ साठी १६००० वर नेली तरी सूर सगळे मावतात, हिशेबानं ते बरोबर आहे. पण माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या काही स्वस्त मेमरी कार्डवाल्या स्पीकरांनी कमी रेटच्या एमपी३ वाजवल्याच नाहीत. म्हणून स्पीकरसाठी ४४१०० वर न्या.

रूपांतर नीट केलं, तरी गेमवरची चमक गेली. आवाज घोंगडीआडून आल्यासारखा का वाटतो?

हा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर यंत्रागणिक बदलतं.

गेम बॉय अॅडव्हान्समध्ये दोन आकड्यांच्या मधली जागा भरून लाट गुळगुळीत करणारं काहीच नाही. एक आकडा आला की पुढचा येईपर्यंत तोच धरून ठेवला जातो, म्हणून लाट पायऱ्यांची होते. त्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांतून मूळ संगीतात नसलेले उंच सूर निघतात. ६६८९ च्या खालच्या सुरांची प्रतिबिंबं १३३७९ च्या दोन्ही बाजूंना उमटतात. २००० हर्ट्झचा सूर असेल तर ११३७९ आणि १५३७९ वर त्याच्या फिक्या सावल्या पडतात. आपण त्या यंत्रावर जी चरचरीत चमक ऐकली ती हीच.

चांगला रूपांतरक या सावल्यांना दोष समजतो आणि पुसून टाकतो. गणिताच्या बाजूनं तो बरोबरच आहे. पण संगीतकारानं धून त्या यंत्रावर ऐकून बांधली असेल, तर त्या चमकेसकट बांधली, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी अशा फाइली दोन टप्प्यांत करतो. आधी प्रत्येक आकडा १६ वेळा जशाचा तसा लिहून काढतो. रेट होतो १३३७९ गुणिले १६, म्हणजे २१४०६४, आणि पायऱ्या शाबूत राहतात. मग तिथून सॉक्स या प्रोग्रॅमच्या रेट इफेक्टनं, सर्वांत वरच्या दर्जावर, ४८००० ला आणतो. यंत्रात पुढे हाच आवाज ३२७६८ किंवा ६५५३६ च्या वेगानं बाहेर पडत असल्यानं हे अगदी हुबेहूब नव्हे, पण कानाला ओळखीचं वाटतं. थेट १३३७९ वरून ४८००० ला स्वच्छ रूपांतर केलेली दुसरी प्रतही बनवा आणि हेडफोनवर शेजारी शेजारी ऐका. झांजेच्या आवाजात फरक लगेच कळेल.

सुपर निन्टेंडो आणि पहिलं प्लेस्टेशन यांना हे लागू नाही. त्यांच्या चिप वाद्यांचे नमुने वाजवताना आकडे स्वतःच गुळगुळीत करतात, आणि तो त्यांचा मऊपणा इम्युलेटरच्या रेकॉर्डिंगमध्ये आधीच आलेला असतो. तिथे सरळ स्वच्छ रूपांतर करा.

रूपांतरानंतर आवाज फाटतो. आधी तर फाटत नव्हता?

जुन्या गेममध्ये चौकोनी लाटा भरपूर असतात आणि त्या पूर्ण उंचीवर असतात. अशी लाट नव्या रेटवर काढताना कोपऱ्याशी उसळी मारते. उसळी उडीच्या सुमारे ९ टक्के असते, म्हणजे शिखराच्या १८ टक्के, म्हणजे जवळपास दीड डेसिबल. वर जागाच नसेल तर शेंडा कापला जातो. उपाय साधा आहे : आधी आवाज २ डेसिबल खाली घ्या किंवा ३२ बिट फ्लोटमध्ये (यात शेंडा कापला जात नाही) काम करा, आणि शेवटी १६ बिटवर आणताना डिदर, म्हणजे अगदी बारीक खरखर, लावा.

माझ्या गेममध्ये धून लूपवर वाजवायची आहे. जोडावर "टक्" असा आवाज येतो.

लूपचे बिंदू आकड्यांच्या क्रमांकात मोजलेले असतात. रेट बदलला की तेही त्याच प्रमाणात बदलावे लागतात. ३२००० वरून ४८००० ला जाताना दीडपट, सोपं. ३७८०० वरून ४८००० ला गुणिले ८० भागिले ६३. १३३७९ आणि ४८००० यांच्यात मात्र १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही, त्यामुळे एक लाखाव्या आकड्यावरचा बिंदू ३५८७७१.२१ वर जातो. वरचा अपूर्णांक सोडून दिला तर फरक पडतो सेकंदाच्या दोन लाखाव्या हिश्शाइतका. लांब धुनेत तो कोणाला ऐकू येणार नाही. त्यावर रात्र घालवू नका.

वाद्याच्या छोट्या नमुन्यात मात्र तो ऐकू येतो. ३२ आकड्यांचा लूप ११४.८ होतो. ११५ केला तर सूर पट्टीच्या जवळपास तीन शतांश भागांनी उतरतो, आणि दोन वाद्यं एका सुरात वाजत असतील तर आवाजात संथ हेलकावे येऊ लागतात. असे नमुने मूळ रेटवरच ठेवा आणि गेम इंजिनला वाजवू द्या.

"टक्" बहुधा दुसऱ्याच कारणानं येतो. रूपांतरक प्रत्येक आकडा काढताना मागचेपुढचे आकडे बघतो. फाइल जिथे संपते तिथे त्याला पुढे शांतता दिसते, म्हणून तो शेवट शांततेकडे वळवतो, आणि लूपची सुरुवात त्या शेवटाशी जुळत नाही. यावर खात्रीचा उपाय असा : व्हीजीएमस्ट्रीमकडून धून लूपसकट तीनदा वाजवून एक लांब फाइल काढा, तिचं रूपांतर करा, आणि मधली फेरी कापून घ्या. तिच्या दोन्ही टोकांना खरे शेजारी होते, त्यामुळे जोड दिसत नाही.

यानंतर तिला एमपी३ करू नका. एमपी३ सुरुवातीला शांततेचे हजारभर आकडे घुसवतं आणि शेवटी चौकट भरायला आणखी काही. लूपसाठी व्हॉर्बिस घ्या. त्यात फाइलची नेमकी लांबी टिकते.

सुपर निन्टेंडोला ३२००० लिहू की ३२०४०?

नोंदलेला रेट ३२००० आहे. प्रत्यक्ष यंत्रं मोजल्यावर बरीचशी ३२०४० च्या आसपास भरतात. सुरात फरक पट्टीच्या दोन शतांशांचा. ऐकण्यासाठी ३२००० लिहा. खऱ्या यंत्राच्या व्हिडिओशी जुळवायचं असेल तरच दुसरा आकडा घ्या.

व्हिडिओत आवाज हळूहळू मागेपुढे होतो.

वरचा ५९.७२७५ आठवा. रेकॉर्ड केलेली चित्रं ६० च्या वेगानं पळवली आणि आवाज मूळ वेगानं ठेवला, तर १० मिनिटांत पावणेतीन सेकंदांचा फरक पडतो. व्हिडिओचा वेग ५९.७२७५ ठेवा. ते शक्य नसेल तर आवाजाचा वेग त्याच प्रमाणात वाढवा, डोळ्यांनी ओठ जुळवत बसू नका.

ही धून मंडईच्या नाटकात वाजवता येईल का?

परवानगीशिवाय नाही. गेमच्या संगीतालाही १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे आणि तिकीट लावलेला प्रयोग हा घरगुती वापर नव्हे. ती पांढरी तीनवरची धून आम्हीही तालमीपुरतीच ठेवली. प्रयोगासाठी काकांनी स्वतःची बांधली. मेमरी कार्डात भरून विकायलाही माझा नकार असतो.

एन्कोडिंग चालू असताना लाइन गेली. फाइल वाचली का?

आमच्याकडे पावसाळ्यात हे रोजचं आहे. फ्लॅक फाइल असेल तर प्रोग्रॅमची तपासणीची सोय चालवा. फ्लॅक फाइल पूर्ण झाली की मूळ आकड्यांचा एमडी५ ठसा (आकड्यांवरून काढलेली खूण) फाइलच्या सुरुवातीला लिहिला जातो. काम अर्ध्यात थांबलं तर तो ठसा कोराच राहतो, म्हणजे फाइल अपुरी आहे. टाकून द्या आणि मूळ प्रतीतून पुन्हा करा.

ठसा जुळला तरी एक गोष्ट हातानं तपासायची राहते. तो ठसा फक्त आकड्यांचा असतो, रेट त्यात मोजला जात नाही. ३२७६८ च्या जागी ३२००० लिहिलेली फाइलही तपासणीत बिनचूक पास होते. म्हणून तपासणी झाली की फाइल उघडा, चिठ्ठीवरचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून बघा आणि एक सूर पेटीवर वाजवून पाहा.